शेवटच्या पट्टीच्या डावीकडे

१

सिंथच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या पेटीच्या, पाठीला दोन गोल भोकं होती, वायरीला दोन तोंडं होती, आणि कुठलं तोंड कुठल्या भोकात घालायचं यापायी फेतूचा जीव सकाळपासून मेटाकुटीला आला होता.

"'आत' लिहिलंय ते 'आत'मध्ये घातलं," ती फोनवर ओरडत होती. "'बाहेर' लिहिलंय ते 'बाहेर'मध्ये. तरी लॅपटॉप ढिम्म!"

"अगं बाई, उलटं असतं ते," तिकडून इओआपो म्हणाला. इओआपो तिचा मावसभाऊ. आपिया शहरात, बाजाराच्या मागं, त्याची गाणी रेकॉर्ड करायची खोली होती. "सिंथमधून जे बाहेर पडतं ते लॅपटॉपच्या आत जायला नको? दोघंही तोंडं उघडून बसले तर भरवणार कोण?"

"मग तसं लिहायचं ना मेल्यांनी वायरीवर!"

"तुझ्यासाठी चित्र काढून लावायला सांगतो हं."

दारात सुलुआत्या अळवाचे गड्डे खरवडत बसली होती. ती सुरी न थांबवता म्हणाली, "माझ्या भावानं जन्मभर हे वाद्य वाजवलं. विजेची सोडून एक वायर लावली नाही."

"बाबांना गाणं ऑस्ट्रेलियाला पाठवायचं नव्हतं, आत्या."

"तेव्हा खर्ज लावणारे बाप्ये गावातच असायचे. आता तिकडं मेंढ्या कापतात अन् इकडून फोनवर खर्ज मागवतात!"

खरं होतं ते. सवाइई बेटाच्या या किनाऱ्यावरच्या गावात नवं चर्च उभं राहत होतं, आणि त्याच्या उद्घाटनाला म्हणायचं गीत फेतूच्या वडिलांनी, पेनिआमिनांनी, रचायला घेतलं होतं. गावच्या गाणाऱ्या मंडळींचे ते गुरुजी. दोन कडवी बसवून झाली, आणि तिसऱ्याच्या आधी एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिसरं कडवं त्यांच्या डोक्यातच राहिलं. आता ते पुढच्या उघड्या बैठकीत, चारी बाजूंनी खांब आणि वारा असलेल्या, खाटेवर पडून असायचे. गाव म्हणायचं, उद्घाटनासाठी जीव धरून ठेवलाय म्हाताऱ्यानं. फेतूचीही तेवढीच मागणी होती. चर्चचं दार उघडेल तेव्हा बाबा असावेत, बस.

मागच्या सिमेंटच्या खोलीत, चटईवर, बुटक्या घडवंचीवर सिंथ होता. मांडी घालून वाजवायचा. फेतूनं तोंडांची अदलाबदल केली, एक पट्टी दाबली, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर एक हिरवी रेघ उमटली.

"उमटली!"

"आता नीट ऐक," इओआपो म्हणाला. "या वायरीतून सूर जात नाही. खबर जाते. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढंच. जोरात दाबलीस तर रेघ गडद, हलक्यानं दाबलीस तर फिकी. आणि कुणी दाबलीच नाही, तर काही लिहिलं जात नाही. समजलं? सूर दुसऱ्या तोंडाच्या वायरीनं मागवायचा, लॅपटॉपकडून सिंथकडं."

समजलं. दुपारभर तिनं पहिलं कडवं वाजवलं, गाणाऱ्यांच्या प्रत्येक आवाजाचं वेगळं. दुसऱ्याला हात घातला आणि बाहेर पहिला टोला पडला.

तिथं अंधार पडायच्या आधी गावभर प्रार्थनेची बंदी असते. रिकाम्या गॅसच्या नळकांड्यावर लोखंडानं टोला देतात. पहिल्या टोल्याला घर गाठायचं, दुसऱ्याला प्रार्थनेला बसायचं, तिसरा पडेपर्यंत कुणी रस्त्यावर दिसायचं नाही, घरात कुणी उठायचं नाही, कसला आवाज करायचा नाही. गावची तरणी पोरं लुंग्या नेसून रस्त्याकडेला पहाऱ्याला उभी असतात. फेतू घाईनं उठली. सिंथचा आवाज बंद करणारा खटका तिनं ओढला. सूर बाहेर पडता कामा नये, एवढंच तिच्या मनात. लॅपटॉपवरचा लाल ठिपका मात्र तसाच जळत राहिला.

२

तिसऱ्या टोल्यानंतर ती परत आली तेव्हा तो ठिपका दिसला आणि तिनं कपाळावर हात मारला. इतका वेळ नुसतं रिकामं रेकॉर्ड होत राहिलं म्हणायचं!

रिकामं नव्हतं.

तिच्या दुसऱ्या कडव्याच्या रेघा एका जागी संपल्या होत्या. मग कोरी जागा. ती प्रार्थनेला बसली तेवढी. आणि त्या कोऱ्या जागेच्या मध्यावर, पडद्याच्या अगदी तळाशी, दोन-चार रेघांची टोकं डोकावत होती. तिनं चित्र खाली सरकवलं. रेघा लांबच लांब होत्या, आणि इतक्या फिक्या, की तिला आधी वाटलं काचेवर धूळ आहे. तिनं बोटानं पुसलं. धूळ नव्हती.

"आत्या, खोलीत मांजर आलं होतं का गं?"

"आलं असेल. का?"

"पट्ट्यांवर बसलं होतं."

"मग तुझ्यापेक्षा बरं वाजवलं असेल. दुपारभर एकच ओळ दळत होतीस."

फेतू हसली. पण मांजर बसलं तर शेजारशेजारच्या पट्ट्या दबतात. या रेघा दूरदूर होत्या, एकमेकींना सुरात. आणि मांजर एवढा वेळ अंग न हलवता पट्टी धरून ठेवत नाही.

पडद्याच्या डाव्या कडेला, रेघ कुठल्या पट्टीची हे कळावं म्हणून, एकीवर एक पट्ट्या काढलेल्या असतात, खर्जाच्या सगळ्यांत खाली. तिनं सिंथची डावीकडची शेवटची पट्टी दाबून पाहिली. तिची रेघ उमटली. त्या फिक्या रेघांच्या बरीच वर.

म्हणजे जे वाजलं होतं, ते सिंथच्या शेवटच्या पट्टीच्याही डावीकडे वाजलं होतं. तिथं पट्टी नव्हती. तिथं घडवंची संपत होती आणि खाली चटई होती.

३

"घोळ झालाय, दुसरं काही नाही," इओआपो म्हणाला. मागं त्याच्याकडं कुणीतरी ढोल बडवत होतं. "दोन वायरी लावल्यास ना? मग खबर एकीनं जाते, दुसरीनं परत येते, पुन्हा जाते. आपलीच शेपटी धरून फिरणारं कुत्रं. दुसरी वायर काढ."

"पण खालच्या पट्ट्या? त्या तर या वाद्याला नाहीतच."

"सप्तक खाली उतरवायचं बटण असतं बघ डाव्या हाताला. समुद्राच्या खाऱ्या हवेनं ते आपोआप दबतं. चिकटपट्टी लाव त्याच्यावर. आणि फेतू, भुताचं असेल तर माझ्याकडं पाठव त्याला. माझा वाजवणारा पळालाय."

बोलणं पटण्यासारखं होतं. फेतू शिकलेली, आपियात राहून आलेली बाई. तिनं परतीची वायर काढली. बटणावर चिकटपट्टी लावली, वर आणखी एक लावली. पालींसाठी कोपरे झाडले. खिडकीच्या काचांच्या फळ्या मिटल्या, दार ओढून घेतलं, आणि पहिल्या टोल्याआधी लाल ठिपका मुद्दाम लावून ठेवला. बिघाड गेला का ते बघायला. असं तिनं स्वतःला सांगितलं.

पुढच्या बैठकीत तिघं बसली. बाबा खाटेवर, आत्या चटईवर बायबल घेऊन, फेतू तिच्या समोर. दुसरा टोला पडला. गाव चिडीचूप झालं. इतकं, की कातळावर फुटणारी लाट मागं जाताना खडे कसे ओढते तेही ऐकू यावं.

आत्यानं नेहमीचं सांजेचं गीत सुरू केलं. फेतूनं दुसरा आवाज धरला. गीत संपलं, आत्याची प्रार्थना सुरू झाली, आणि बंद दाराआडून आवाज आला.

सूर नव्हता तो. सूर बंदच होता. सूर काढून घेतल्यावर वाद्याचं जे उरतं ते होतं. प्लास्टिकच्या पट्ट्या खाली जाऊन टेकतात, ते. ठप. मग थांबून, ठप. जन्मभर वाजवणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला तो आवाज ओळखायला चूक होत नाही. कुणीतरी सावकाश, बोटं शोधत, जागेवर ठेवत होतं.

आत्याची प्रार्थना एका शब्दावर अडखळली आणि पुढं गेली. तिनं डोळे उघडले नाहीत.

बाबांनी उघडले. ते छताकडं बघत होते, आणि त्यांचा डावा हात चादरीवर उलटा झाला होता, तळवा वर.

उठून जाता येत नव्हतं. बंदीत कुणी उठत नाही. फेतू लहानपणी तापानं फणफणली असतानाही बंदीत उठली नव्हती. ती मान खाली घालून बसून राहिली आणि मागच्या खोलीत ते वाजत राहिलं.

तिसऱ्या टोल्यानंतर दार उघडलं. खोली जशीच्या तशी. चिकटपट्ट्या जशाच्या तशा. पडदा मात्र भरला होता. रेघा खाली उतरल्या होत्या, कालच्यापेक्षा खोल, आणि आज वरही चढल्या होत्या, उजवीकडच्या शेवटच्या पट्टीच्या पुढं. एका वेळी इतक्या, की दोन हातांची बोटं पुरणार नाहीत. तिच्या सगळ्या मंडळींना ओळीत बसवून एकेक पट्टी दिली असती तरी पुरली नसती.

४

पुढं किती सांजा तिनं तो ठिपका लावला हे मोजलं नाही. रोज थोडं वाढत होतं. ती ऐकत मात्र नव्हती. ऐकायचं तर परतीची वायर लावायला हवी होती, आणि तिचा हात होत नव्हता.

एका दुपारी आत्या कोकोचा कप घेऊन आली, ही अशी पडद्याकडं बघत बसलेली.

"डोळ्यांनीच खाणार आहेस का ते? वाजव की."

"तू ऐकलंस ना, आत्या? संध्याकाळी?"

"मला काय बहिरी समजलीस?" आत्यानं कप खाली ठेवला. "वाजव."

फेतूनं वायर लावली, खटका उघडला.

सुरुवातीला काहीच नाही. मग कपातल्या कोकोवर बारीक सुरकुती आली. खिडकीच्या काचा आपापल्या खोबणीत कुजबुजायला लागल्या. खालचे सूर कानाला लागतच नव्हते. ते मांडीखालच्या जमिनीतून आले, दाढांमधून आले. त्यांच्यावर दुसरे उभे राहिले, त्यांच्यावर तिसरे, आणि सगळ्यांत वर काहीतरी इतकं बारीक, की कुत्री भुंकायला लागली म्हणूनच कळलं.

पहिल्या दोन कडव्यांच्या पुढं जे यायला हवं होतं तेच ते होतं. बाबांचंच वळण. बाबा जिथं थांबून श्वास घेत, तिथं थांबणारं. पण बाबांनी एवढं मोठं कधी बांधलं नव्हतं. चर्च बांधलं तर त्याला छप्पर असतं. याला छप्पर नव्हतं.

फेतूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते माहीत नव्हतं. भीती वाटायला हवी होती. वाटत होतीही, पण ती भीती समुद्राची असते तशी होती. तिच्याकडं पाठ करावीशी वाटत नाही.

"माझ्या पेनीचं आहे हे," आत्या हळूच म्हणाली. मग कान देऊन, "पण एक आवाज कमी आहे गं."

फेतूलाही ते आता दिसलं. पडदाभर रेघांची दाटी, आणि मधोमध एक ओळ कोरी. वरच्या आवाजांनी तिच्यापाशी येऊन जागा सोडलेली, खालच्यांनी सोडलेली. पंगतीत कुणाचं पान मांडून ठेवावं तशी. तो सूर कुणाचा हे मंडळींतल्या पोरालाही सांगता आलं असतं. गीत रंगात आलं की बाबा मागं उभे राहून स्वतः तो लावायचे.

बैठकीतून घशात अडकल्यासारखा आवाज आला. दोघी धावल्या. बाबा रडत होते. अर्ध्या चेहऱ्यानं हसत होते आणि रडत होते.

५

त्यानंतर बाबांचं जेवण कमी झालं. आधी माशाचा घास सोडला, मग नारळाच्या दुधातली अळवाची पानं सोडली, मग नुसता कोको. चर्चचे पाळक येऊन डोक्यावर हात ठेवून गेले. "वय झालं," म्हणाले.

वय कालही होतं. फेतूनं दुसरंच काही पाहिलं होतं. प्रार्थनेत मान खाली घालून ती बाबांचा श्वास ऐकायची. आत ठप ठप सुरू झालं, की श्वास मंदावायचा. जसजसं आतलं वाढत जाई तसतसा विरळ होई. आणि एका सांजेला तो थांबला. आत वाजत राहिलं, बाबांची छाती हलेना, आत्याची प्रार्थना काही संपेना. तिसरा टोला पडला तेव्हा कुठं खोल विहिरीतून बादली वर यावी तसा श्वास वर आला.

"योगायोग," ती स्वतःशी म्हणाली. मग म्हणाली, उद्घाटनाला अजून वेळ आहे.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपकडं जाणारी वायर लावायचीच नाही, एवढं साधं होतं. पण ती सिंथपुढं बसली, आणि गीताचा शेवट तेवढा उरलाय हे तिला कळत होतं, आणि तो तिला हवा होता. लावली तिनं. काय येतं ते डोळ्यांनी बघेन आणि मग काढेन, असं ठरवून लावली.

आत सुरू झालं. बाबांचा श्वास मंदावला. फेतू उठली.

आत्याची प्रार्थना थांबली नाही, पण तिचा हात झटकन पुढं आला आणि फेतूच्या लुंगीचा काठ मुठीत धरला. फेतूनं तो सोडवला. रस्त्याकडून, पहाऱ्याच्या पोरांपैकी कुणाची तरी दबकी हाक आली, "ए! बसा खाली!" ती चालत राहिली. आपल्याच घरात, आपल्याच चटईवरून, चोरासारखी. तिनं दार ढकललं.

खोलीत संध्याकाळचा पिवळा उजेड होता. पट्ट्या खाली जात होत्या. घाई नाही, झटका नाही. ओल्या वाळूत पाऊल रुततं तशा रुतायच्या आणि सोडल्यावर वर यायच्या. एवढ्याची तिनं तयारी केली होती.

तिची नजर डावीकडं गेली. शेवटच्या पट्टीपाशी घडवंची संपत होती. तिथून पुढं चटई दबत होती.

विणलेली केतकीची चटई. तिच्यात पट्टीएवढाच खळगा पडे, पट्टीएवढाच रुंद, आणि भरून येई. मग पलीकडं दुसरा. त्याच ओळीत, त्याच तालात. ओळ भिंतीकडं गेली नव्हती. ती वळून दाराकडं आली होती. फेतूच्या पायांच्या मधून गेली होती. उंबरठ्यापलीकडं, बैठकीतल्या चटईवर, बाबांच्या खाटेच्या दिशेनं. आणि उजवीकडं, भिंतीच्या बाहेर, काळ्या कातळावरचे खडे त्याच तालात हळूच चुरचुरत होते, दूरवर, समुद्रापर्यंत, आणि पुढंही, असं तिला वाटलं. पुढं तर पाणीच होतं.

एवढ्या सगळ्यांत एक पट्टी ताठ वर होती. तिला कुणी शिवत नव्हतं.

फेतूनं वायर हिसडली.

सगळ्या पट्ट्या एकदम वर आल्या. आणि बैठकीतून बाबा ओरडले. इतक्या महिन्यांत तोंडातून स्वर न काढलेले बाबा. दुखण्याची ओरड नव्हती ती. आईच्या कडेवरून उतरवलेलं मूल ओरडतं, ती.

६

बंदी मोडल्याबद्दल घराला डबाबंद मासळीची पेटी आणि एक डुक्कर, असा दंड बसला. सुलुआत्यानं तो मुकाट भरला आणि फेतूशी दोन दिवस बोलली नाही.

वायर निघाल्यावर सांजा पुन्हा पूर्वीसारख्या झाल्या. प्रार्थना, लाट, खडे. बाबा जेवायला लागले. गालावर मांस आलं. येणारा-जाणारा म्हणायचा, "बघ, उद्घाटनाला खुर्चीत बसवून नेऊ आपण गुरुजींना!" फेतू हो हो म्हणायची.

पण दुसरा टोला पडला की बाबांची मान मागच्या खोलीकडं वळायची. डावा हात उठायचा, तळवा वर, बोटं थोडी आत. तिसरा टोला पडेपर्यंत तसाच असायचा, थरथरत. मग तो पडायचा आणि बाबा दुसरीकडं तोंड करायचे.

"बाबा त्यांना बोलावतात, त्या वाजवणाऱ्यांना," फेतू आत्याला म्हणाली. "अजून बोलावतात. काय करू मी?"

"मंडळींत किती वर्षं गायलीस त्याच्यापुढं?" आत्या म्हणाली. "तो हात कधी करायचा तो?"

फेतूला आठवलं. सगळे गायला उभे राहिले, आणि एखादा आवाज उगीच अडखळून मागं राहिला, की बाबा त्याच्याकडं बघून तो हात करायचे. येऊ दे. मला चालेल. घाबरू नको.

"तो त्यांना नाही करत," आत्या म्हणाली. "तुला करतोय."

"पण उद्घाटन..."

"ते तुला हवंय गं, पोरी. मलाही हवंय. त्याला विचारलंस?"

फेतू खाटेपाशी बसली. बाबांचा हात हातात घेतला. "बाबा, चर्च होईपर्यंत तरी. तेवढंच मागते. तुमचं गीत तुमच्या कानावर पडू दे." बाबांनी तिच्याकडं बघितलं. रागावले नव्हते. मंडळी चुकली की ते कधी रागवायचे नाहीत. नुसते थांबायचे, चुकणाऱ्याला आपली चूक कळेपर्यंत. तसेच थांबले होते. तिच्या बोटांमधून त्यांनी आपला हात सावकाश सोडवून घेतला आणि तळवा वर केला.

७

शनिवारी तिनं त्यांना न्हाऊ घातलं. केसांना खोबरेल लावलं, रविवारचा पांढरा सदरा चढवला. आत्यानं बैठकीतली चटई झाडली, सुरकुत्या हातानं सपाट केल्या, आणि खाटेखालच्या विटा काढून ती थोडी खाली, जमिनीजवळ घेतली.

इओआपोचा फोन आला. "काय गं, झालं का तुझं रेकॉर्डिंग? का अजून कुत्रं शेपटीमागं फिरतंय?"

"आज होईल," फेतू म्हणाली.

"आवाज का असा येतोय तुझा?"

"वायर लावते आहे," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

पहिला टोला पडला. सिंथमधून जे बाहेर पडतं ते लॅपटॉपच्या आत. वायरीच्या तोंडातल्या टाचण्या आधी भोकाला लागेनात. मग लागल्या. लाल ठिपका लावला. दार मात्र आज तिनं उघडंच ठेवलं.

ती बाबांच्या उशाशी येऊन बसली. दुसरा टोला पडला. गाव बसलं. आत्यानं सांजेचं गीत सुरू केलं, आवाज फुटत होता तिचा, पण सोडला नाही. फेतूनं दुसरा आवाज धरला. आणि आत ठप ठप सुरू झालं तेव्हा ते आधीच त्यांच्या तालात होतं. जणू दोघी म्हणायला लागेपर्यंत ते थांबलं होतं, साथीला बसणारा माणूस थांबतो तसं.

गीत संपलं. आत्यानं प्रार्थना केली नाही. तिघं नुसती बसली.

फेतूची मान खाली होती. बंदीत मान वर करत नाहीत. तिला फक्त चटई दिसत होती, आपल्या गुडघ्यांपुढची. उंबरठ्यापासून खळग्यांची ओळ आली. गुडघ्यापुढं एक पडला आणि भरला, इतका जवळ की तिला विणीची करकर ऐकू आली. सुकलेल्या केतकीचा वास आला. ओळ तिला वळसा घालून पुढं गेली, खाटेच्या कडेला. मग ते सगळं, आतलं, चटईवरचं, बाहेर कातळावरचं, समुद्रावरचं, एकदम धरून राहिलं. कुणीच सोडेना. आवाज कुठंही नव्हता आणि खांब गुणगुणत होते.

ती मान वर करणार नव्हती. तिनं डोळे तेवढे वळवले.

बाबांचा हात खाटेवरून खाली उतरला. तो कापत नव्हता. उजवा होता. गेलेला. मधलं बोट पुढं करून त्यांनी ते सपाट चटईवर ठेवलं, जन्मभराच्या सवयीनं, न बघता, बरोब्बर जागेवर, आणि दाबलं.

तिसरा टोला पडला.

रस्त्यावरची पोरं मोठ्यानं हसली. कुणाचा तरी टीव्ही लागला, कुणी डुकरांना हाकारलं, शेजारून भाजलेल्या नीरफणसाचा वास आला. आत्या पुढं सरकून भावाच्या छातीवर डोकं टेकून बसली. फेतू तिथंच होती, हाताशी. बोटाखालची चटई दबलेली होती आणि ती वर येत नव्हती.